लाँग मार्चच्या शिस्तीचं कौतुक झालं, जमिनीचं काय झालं?

वाटसरू_ठाणे

मुंबईत मोठा मोर्चा आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. मार्च २०१८ चा. लाल टोप्या, लाल झेंडे, रात्रीच्या अंधारात चाललेली रांग. खाली लिहिलेलं असतं, "आंदोलन असं करावं." २०२५ च्या ऑगस्टअखेर मराठा आंदोलक आझाद मैदानात आले तेव्हाही तो फिरला. त्या आंदोलनाची मागणी बरोबर की चूक, हा या धाग्याचा विषय नाही. त्या फोटोचा जो वापर होतो, त्याबद्दल बोलायचं आहे.

ज्यांना तपशील आठवत नसेल त्यांच्यासाठी. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून किसान सभेचा मोर्चा निघाला. चालणारे बहुतेक सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबक या पट्ट्यातले आदिवासी शेतकरी, त्यांत बायका खूप. कसारा घाट उतरून शहापूर, भिवंडी, ठाणे करत सुमारे १८० किलोमीटर तापलेल्या डांबरावरून चालून ११ तारखेला ते सायनजवळच्या सोमय्या मैदानात पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून विधान भवनाला घेराव घालायचा, असं ठरलेलं होतं. पण दहावीची परीक्षा चालू होती. मुलांचे पेपर चुकायला नकोत म्हणून दिवसभर चाललेली ती माणसं मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात जाऊन बसली.

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पाणी वाटणाऱ्यांत मीही होतो. एका आजींच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो सुतळीने बांधला होता. बाटली हातात घ्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "किती पैशे?"

ते रात्रीचं चालणं त्यांनी स्वतःहून केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कोर्टाचा आदेश नव्हता. शहराला त्यांनी दिलेला तो मान होता. आपण त्याची अट करून टाकली: यापुढे जो येईल त्याने असंच, कुणाला कळणार नाही असं यावं.

आणि ते कशासाठी आले होते, हे फोटोखाली कधीच लिहिलेलं नसतं. कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही मुख्य मागणी. शिवाय कर्जमाफी, हमीभाव, निराधारांची पेन्शन, रेशन, नार-पार नद्यांचं पाणी गुजरातकडे वळवू नका. १२ मार्चला सरकारने लेखी दिलं की वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रेल्वेने परतीसाठी खास गाड्या सोडल्या.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तीच माणसं पुन्हा नाशिकहून निघाली. शहराबाहेर पडतात न पडतात तोच पुन्हा लेखी आश्वासन मिळालं. मार्च २०२३ मध्ये पुन्हा, या वेळी दिंडोरीहून. वाशिंदला थांबवून चर्चा, समिती, निवेदन. मागण्यांच्या यादीत वनजमीन होतीच.

पाच वर्षांत तीनदा घर सोडावं लागलं, तेही आपण ज्यांना आदर्श म्हणतो त्यांना. म्हणून विचारतो: कुणालाही त्रास न देता आंदोलन करा, ही अपेक्षा कुणाच्या सोयीची आहे? आणि ज्यांनी ती पूर्ण केली त्यांच्या पदरात काय पडलं?

डोंबिवली_फास्ट_नाही

तुमचा राग समजतो, पण दुसरी बाजूही आहे. माझी आई हॉस्पिटलात आया आहे. रस्ता बंद झाला, गाड्या अडल्या की तिचा खाडा लागतो. घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, नाक्यावर उभे राहणारे बिगारी, या सगळ्यांचा रोज बुडतो. मंत्र्यांचा ताफा पोलीस काढून देतात. त्रास व्हायलाच हवा म्हणता, तर तो नेमका कुणाला होतो हेही बोला.

लाँग मार्चबद्दल मला जो आदर आहे तो यासाठीच. त्यांना आमच्यासारख्यांची अडचण कळली. तो आदर खोटा नाही.

कलम_एकोणीस

@डोंबिवली, प्रश्न अगदी योग्य आहे, फक्त त्याचं उत्तर मोर्चेकऱ्यांकडे मागू नका. मोर्चा सत्तेच्या दारापर्यंत जाऊ दिला तर त्रास सत्तेला होतो. तो दारापासून लांब अडवला की जिथे अडतो तिथल्या माणसांना होतो.

मुंबईत पूर्वी मोर्चे काळा घोड्यापर्यंत जात. अधिवेशन चालू असताना आमदारांच्या कानावर घोषणा पडत. नव्वदच्या दशकात दक्षिण मुंबईतल्या रहिवाशांची याचिका हायकोर्टात गेली आणि त्यानंतर त्या भागात मोर्च्यासाठी आझाद मैदान तेवढं उरलं. तिथेही आता माणसांची संख्या आणि घड्याळ आलं. २०२५ च्या आंदोलनाला परवानगी देताना पाच हजारांची मर्यादा आणि संध्याकाळी सहापर्यंतची वेळ होती. पाच हजार माणसं म्हणजे दोन-तीन मोठी गावं. साऱ्या राज्याचा प्रश्न घेऊन येणाऱ्यांनी बाकीच्यांना घरी बसवून यायचं का?

त्याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७. जमावबंदीचा आदेश एका वेळी पंधरा दिवसांचा, म्हणून तो पंधरा-पंधरा दिवसांनी नव्याने निघत राहतो. कायद्यात जे तातडीचं साधन आहे ते आता बारमाही झालं आहे. राज्यघटनेच्या १९(१)(ख) कलमात शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क लिहिला आहे. हक्क मूळ आणि निर्बंध अपवाद, हा घटनेतला क्रम. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलात की क्रम उलटा झालेला दिसतो. हक्क तुम्ही सिद्ध करायचा, निर्बंध आपोआप.

सर्वोच्च न्यायालयात दोन्ही प्रकारचे निकाल आहेत. जुलै २०१८ मध्ये दिल्लीतल्या जंतर मंतरच्या प्रकरणात न्यायालयाने सरसकट बंदी नाकारली आणि रहिवाशांचे व आंदोलकांचे हक्क यांत तोल साधायला सांगितलं. ऑक्टोबर २०२० मध्ये शाहीन बागच्या प्रकरणात मात्र सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, निदर्शनं ठरवून दिलेल्या जागीच व्हावीत, असं म्हटलं. पहिल्या निकालाची आठवण कुणी काढत नाही. दुसरा प्रत्येक नोटिशीत असतो.

प्रांजळ

मला एक शंका आहे आणि ती मनापासून विचारतोय. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग आता सोडा असं सांगितलं होतं ना? घटनेचे मार्ग उपलब्ध असताना ते वापरणं म्हणजे अराजकाचं व्याकरण, असे त्यांचे शब्द होते. मग पुरोगामी मंडळी एकीकडे संविधान हातात धरतात आणि दुसरीकडे रस्त्यावर उतरतात, हे कसं जुळवायचं?

चरी_कोपर

@प्रांजळ, ते भाषण पूर्ण वाचावं. एवढं एकच वाक्य कापून फिरवलं जातं.

पहिली गोष्ट, त्यांनी नावं घेतली ती कायदेभंगाची, असहकाराची, सत्याग्रहाची. सभा आणि मोर्चा हा कायदेभंग नाही. तो घटनेनेच दिलेला मार्ग आहे, आणि त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. दुसरी गोष्ट, त्यांचं म्हणणं "घटनात्मक मार्ग खुले असतील तिथे" या अटीसह आहे. तो खुला ठेवण्याची जबाबदारी कुणाची? अर्ज दिला, दावा दाखल केला, निवेदन दिलं, मंत्र्याने लेखी दिलं आणि पाच वर्षांनी फाईल तिथेच असेल, तर मार्ग कुणी बुजवला?

तिसरी गोष्ट त्याच भाषणात पुढे आहे. २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकतोय, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेत होरपळणारे लोक या सभेने कष्टाने उभारलेली लोकशाहीची इमारतच उडवून देतील, असा इशारा त्यांनी दिला होता. पहिला भाग आंदोलकांना ऐकवतात. हा भाग सरकारला ऐकवायचा असतो.

आणि त्यांचं स्वतःचं काम पाहा. मी अलिबागकडचा आहे. आमच्या चरी गावातून १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जमिनी न कसण्याचा संप केला. तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं लोकांनी लाकूडफाटा विकून, मासळी पकडून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर आला तो त्यांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाच्या पुढाकाराने. आत विधेयक आणि बाहेर मोर्चा, दोन्ही एकाच माणसाचं. त्याच वर्षी संपाला गुन्हा ठरवू पाहणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाला त्यांनी सभागृहात कडाडून विरोध केला, आणि ७ नोव्हेंबरला त्यांचा पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणं म्हणजे गुलामी, हा त्यांचा मुद्दा होता.

हा माणूस रस्त्याच्या विरोधात होता असं कुणी म्हणालं तर आमच्या आगरी-कोळी गावांत ते कुणी ऐकून घेणार नाही.

नागली

बराच वेळ वाचतोय. मी नाशिकच्या पश्चिम भागातला. घरचे २०१८ ला चालले होते, २०२३ लाही. वाटसरूंनी विचारलं आहे पदरात काय पडलं, तर तेवढंच सांगतो.

आमच्याकडे या जमिनीला प्लॉट म्हणतात. आजोबांनी झाडोरा काढून बांध घातले. नागली, वरई, खुरासणी, खाली ओहोळाकडे भात. वनखात्याचे लोक यायचे, पीक उपटायचे, दंड करायचे. त्या दंडाच्या पावत्या आजीने पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या, कारण सरकारी शिक्का असलेला कागद फेकायचा नाही एवढं तिला माहीत होतं. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि त्या पावत्याच पुरावा झाल्या. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तुम्ही ही जमीन कसत होता, हे दाखवायचं असतं. अतिक्रमण केलं म्हणून खात्यानेच दंड केलेला, म्हणजे जमीन आमच्या ताब्यात होती हे खात्यानेच लिहून दिलेलं.

दावा ग्रामसभेत मंजूर झाला. गावच्या वनहक्क समितीने जागेवर जाऊन बांध, विहीर, आंब्याची झाडं पाहिली, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. मग फाईल प्रांताच्या समितीकडे, तिथून कलेक्टरच्या समितीकडे. कायद्यात चार हेक्टरपर्यंत मिळू शकतं. आमचा ताबा पाच एकरांवर, पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, आला तो काही गुंठ्यांचा. मोजणारा बांधाच्या एका अंगाने चालला, डोंगरउताराकडे गेलाच नाही, आणि उरलेलं क्षेत्र कसलं जात नाही असा शेरा पडला. त्या उतारावर आमची वरई असते.

पट्टा आईवडील दोघांच्या नावावर आहे. कायद्यातच तसं आहे, नवरा-बायको दोघांचं नाव लागतं, आणि ही गोष्ट चांगली आहे. आई तो कागद उघडून तिचं नाव दाखवते. पण सातबाऱ्यावर नोंद इतर हक्कात. कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात, नाव नाही. त्यामुळे बँकेत पीककर्जाला गेलं की हा कागद चालत नाही म्हणतात, पाऊस-गारपिटीचे पंचनामे होतात तेव्हा यादीत नाव येत नाही. २०२३ च्या मोर्च्यात कब्जेदार सदरी नाव लावा ही मागणी होती ती यासाठी.

मोर्च्यामुळे काहीच झालं नाही असं मात्र म्हणू नका. २०१८ नंतर पडून राहिलेल्या फायली हलल्या, फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला घेतले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला, तेव्हा देशभर गदारोळ झाला आणि पंधरवड्यात त्याला स्थगिती मिळाली. लोक चालले नसते, ओरडले नसते तर आज आम्ही त्या जमिनीवर नसतो. चालल्याने जेवढं मिळालं तेवढं मिळालं. जे राहिलं ते कार्यालयात राहिलं.

रात्री चालण्याबद्दल माझी आई म्हणते, पोरांचे पेपर होते, त्यात काय एवढं. तिला त्याचं कौतुक नको आहे, उताराची मोजणी हवी आहे.

वाटसरू_ठाणे

@नागली, हे लिहिल्याबद्दल फार आभार. धागा काढताना मला जे सांगायचं होतं ते तुमच्या आईने एका वाक्यात सांगितलं.

@डोंबिवली, तुमच्या आईचा खाडा हा खरा प्रश्न आहे, तो मी झटकत नाही. पण तो खाडा लागू नये यासाठी रोजंदारीच्या माणसाला भरपगारी रजा हवी, आणि ती मिळवायची तर आया-वॉर्डबॉय यांनाही एक दिवस रस्त्यावर यावं लागेल. त्या दिवशी आणखी कुणाचा तरी खाडा लागेल. कष्टकऱ्यांनी एकमेकांच्या मोर्च्याला वैतागायचं आणि ज्यांनी निर्णय अडवलाय त्यांनी खिडकीतून बघायचं, हे मला मान्य नाही.

डोंबिवली_फास्ट_नाही

पटतंय, पण एक टोक सोडणार नाही. एसटी फोडणं, बस जाळणं, रुग्णवाहिका अडवणं याला माझा विरोध राहील. तिथे कारण कितीही न्याय्य असो.

कलम_एकोणीस

त्याला इथे कुणाचाच पाठिंबा नसावा. माझा तर नाहीच. पण जाळपोळीविरुद्ध आधीपासून पुरेसे कायदे आहेत. काळजी वाटते ती शांत माणसाला पकडण्यासाठी नवे कायदे येतात तेव्हा.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक इथे किती जणांनी वाचलं आहे? जुलै २०२४ मध्ये मांडलं, मग संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत. विधानसभेत ठाम विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. विरोधी बाकांवर इतके जण असताना एकटा आमदार, हे मला आजही सलतं.

समितीने "व्यक्ती व संघटना" हे शब्द बदलून कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा संघटना असं केलं, आणि लोकांना वाटलं आपला संबंध संपला. बेकायदेशीर कृत्याची व्याख्या मात्र तशीच सैल. कायद्याची किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं, प्रशासनात अडथळा येईल असं काही करणं, आणि हे बोललेल्या, लिहिलेल्या शब्दांनीही. संघटना बेकायदेशीर ठरवायचा अधिकार सरकारचा. शिक्षा दोन ते सात वर्षं. हिंसक कारवायांसाठी यूएपीए आणि मकोका आधीच आहेत, मग उरतं कोण?

छत्तीसगडात २००५ चा असाच कायदा आहे. त्याखाली २००७ मध्ये डॉ. बिनायक सेन यांना पकडलं. आदिवासी भागात दवाखाना चालवणारा डॉक्टर. त्यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला मे २००९ उजाडलं. २०२४ मध्ये त्याच कायद्याने बस्तरमधल्या मूलवासी बचाओ मंच या आदिवासी तरुणांच्या संघटनेवर बंदी घातली. आक्षेप होता की ते सरकारी विकासकामांना आणि सुरक्षा दलांच्या तळांना विरोध करतात.

२०१८ च्या लाँग मार्चलाच सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारांनी शहरी माओवादाचं लेबल लावलं होतं, हेही आठवत असेल. सुतळीने चप्पल बांधून आलेल्या आजी या व्याख्येत बसवता येतात की नाही, ते आता एका अधिसूचनेवर अवलंबून राहणार असेल तर मला भीती वाटते.

प्रांजळ

@चरी_कोपर, १९३८ च्या मोर्च्याबद्दल मला माहिती नव्हती. शाळेत चवदार तळं आणि काळाराम मंदिर शिकवतात, खोतीविरोधी लढा का शिकवत नाहीत?

@कलम_एकोणीस, न्यायालयं नेहमी सरकारच्याच बाजूने जातात असं तुम्हाला वाटतं का?

कलम_एकोणीस

नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या लोकांना नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधात (सीएए) धरणं धरायचं होतं, परवानगी नाकारली. औरंगाबाद खंडपीठाने ते आदेश रद्द केले आणि म्हटलं की एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना गद्दार किंवा देशद्रोही म्हणता येणार नाही. आपल्या देशाला स्वातंत्र्यही अहिंसक आंदोलनातून मिळालं याची आठवण करून दिली. निकाल जरूर वाचा. नोटीस आली की वकिलाने सोबत न्यावा असा आहे.

कुळें_घाट

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला लोक रेल्वे रुळांवर बसले. कोळशाच्या वाहतुकीसाठी मार्गाचं दुपदरीकरण होतंय आणि त्यापायी मोलेचं जंगल तोडणार, असा विरोध. रेल्वेचं काम रात्री होणार होतं म्हणून लोकही रात्रीच आले, मेणबत्त्या, ढोल, गाणी घेऊन. नंतर काही जणांवर गुन्हे दाखल झाले. पण मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळें या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. कागदोपत्री लढणारे आणि रुळावर बसणारे वेगवेगळे असते तर हे झालं नसतं.

वाटसरू_ठाणे

@नागली, इथे शहरातले बरेच जण वाचतायत. फोटो पुढे पाठवण्यापलीकडे नेमकं काय करता येईल?

नागली

दोन कामं आहेत. एक, दावा फेटाळला किंवा क्षेत्र कमी केलं तर कारणासह लेखी कळवायला हवं, आणि वरच्या समितीकडे जायला साठ दिवस असतात. बऱ्याच जणांना लेखी कळवतच नाहीत, आणि मुदत कधी सुरू झाली हेच कळत नाही. माहिती अधिकारात निर्णयाची प्रत मागायचे अर्ज लिहून देणारी माणसं हवीत. आमच्या अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय पातळीवर दाद मागता येते, २०२० पासून. हे गावात फार कमी जणांना माहीत आहे.

दुसरं, मोजणी. मोबाईलवर जीपीएसने बांधाबांधाने चालून नकाशा काढता येतो, तो जुन्या उपग्रह चित्रांशी ताडता येतो. ज्यांना हे जमतं त्यांनी दोन दिवस काढून यावं. होळीनंतर आलात तर बरं, पीक निघालेलं असतं आणि बांध स्पष्ट दिसतात. राहायची सोय आमच्याकडे होईल. ज्यांना यायचंय त्यांनी वाटसरूंना व्यक्तिगत निरोप पाठवा, मी यादी त्यांच्याकडून घेईन.

डोंबिवली_फास्ट_नाही

माझं नाव घ्या. मी सर्व्हेच्या कामात आहे, उपकरण माझ्याकडे आहे.